भट्टीसमोरची दुर्बीण

मित्रांनो, माझे तोंड कायम वर असते आणि डोळा पोटाच्या तळाशी. दुसऱ्या कुणाची अशी ठेवण असती, तर लोकांनी नावे ठेवली असती. माझी मात्र सगळी किंमत या ठेवणीतच आहे. मी आहे एक दुर्बीण; जुनी, हातभर लांबीची, आरशाची. माझा पत्रा दोन ठिकाणी चेपला आहे आणि माझ्या अंगाला आजही मैद्याचा बारीक वास येतो. आभाळात रमणाऱ्या वस्तूला मैद्याचा वास कसा लागला, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

सुरुवातीला मी नुसती काचेची एक जाड चकती होते, चहाच्या बशीएवढी. कारखान्यातल्या एका बाईंनी ती चकती दुसऱ्या चकतीवर ठेवली, मधे पाणी आणि खरखरीत भुकटी घातली आणि घासायला घेतली. घासायचे, धुवायचे, आधीपेक्षा बारीक भुकटी घ्यायची, पुन्हा घासायचे. असे करता करता काचेच्या मध्यावर खळगा पडला, इतका उथळ की बोटाला कळू नये. मग त्या खळग्यावर ॲल्युमिनिअमचा थर चढवला. तो केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ आहे. तुमच्या घरातल्या आरशाची चकाकी काचेच्या मागे असते, म्हणून त्यावर खुशाल फडके मारता येते. माझी चकाकी काचेच्या पुढे, उघड्यावर आहे.

हा मोठा आरसा माझ्या नळीच्या तळाशी बसला. तोंडापाशी एक छोटा आरसा तिरपा बसला, मोठ्या बटणाएवढा. आभाळातला उजेड तोंडातून आत येतो, तळाच्या आरशावर आपटून परत वर जातो आणि तिरप्या आरशावरून वळून कडेच्या भोकातून बाहेर पडतो. त्या भोकात नेत्रिका बसवतात, म्हणजे भिंगांची छोटी नळी. डोळा तिथे लावायचा. नवखी माणसे मात्र हटकून माझ्या बुडाशी डोळा लावतात आणि म्हणतात, "यात काहीच दिसत नाही." बुडाशी काय दिसणार? तीन स्क्रू.

कारखान्यातून मी गेले ती एका चष्म्याच्या दुकानात. तिथे दोन वर्षे मी काचेच्या कपाटात उभी होते, तोंडावर झाकण आणि समोर भिंत. गिऱ्हाईक विचारी, "डोळे तपासायचं नवं यंत्र का हो?" दुकानाचे मालक चष्मेवाले काका गंभीरपणे सांगत, "हो, पण फक्त चंद्रावरच्या लोकांसाठी." मी भिंतीवरचा ओलीचा डाग पाठ केला होता.

एक दिवस दुकानातली वायर जळली. ती बदलायला जो इलेक्ट्रिशियन आला, त्याच्यासोबत त्याची अकरा वर्षांची मुलगी होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. त्या दिवशी मात्र ती माझ्यासमोर तासभर उभी राहिली. शिडीवरून उतरून तिच्या बाबांनी तिला तीन हाका मारल्या. चौथ्या हाकेला चष्मेवाले काकाच म्हणाले, "अहो, न्या ही दुर्बीण. कामाच्या बदल्यात न्या. इथं राहिली तर तिलाच चष्मा लागेल." निघताना त्यांनी भिंगरीला बजावले, "एकच गोष्ट. सूर्याकडे हिला कधी, म्हणजे कधीच वळवायचं नाही. एका क्षणात डोळा जातो. बाकी चुका कर हव्या तेवढ्या."

त्या चुका आम्ही भरपूर केल्या.

भिंगरीचे घर म्हणजे खाली बेकरी आणि वर दोन खोल्या. बेकरी चालवायची ती तिची आत्या, बाबांची मोठी बहीण. लाकडावर पेटणारी भट्टी होती, विटांची, बैठ्या खोलीएवढी. आत्या सातवीत असताना तिचे वडील वारले आणि तिने शाळेऐवजी भट्टीचे दार धरले, ते आजतागायत. पहाटे दोनला ती उठे आणि संध्याकाळी सातला झोपे. भट्टी पेटली की आत्या तिच्या हाकेच्या बाहेर जात नसे. "भट्टी आणि तान्हं पोर," ती म्हणे, "दोघांकडे पाठ केली की दोघंही चटका देतात."

मला मैद्याच्या टेबलावर ठेवून जोडले. बाबांनी सूचनांचा कागद बाजूला सारला. "इलेक्ट्रिशियनला कागद लागत नाही." मग त्यांनी माझ्या पाठीवरची शोधक दुर्बीण, म्हणजे नेम धरायची छोटी नळी, उलटी बसवली. भिंगरीने तो कागद अक्षर न् अक्षर वाचला आणि ती सुलटी केली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, सूर्याकडे पाठ करून, तिने मला पाण्याच्या उंच टाकीकडे वळवले. टाकीच्या टोकाचा लोखंडी दांडा आधी माझ्यातून बघून मधोमध आणला. मग मला न हलवता शोधकाचे स्क्रू फिरवून त्यातही तोच दांडा मधोमध आणला. हे काम नेहमी दिवसाच करावे, मित्रांनो. दांडा पळून जात नाही, तारा जातो.

बाबांनी डोळा लावला आणि ओरडले, "टाकी उलटी! पळा, पाणी सांडेल!"

"बाबा, आरशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. आभाळात वर काय नि खाली काय?"

आत्या पिठाचे हात पुसत बघत होती. ती म्हणाली, "यातून शनीची कडी दिसते का गं?"

बोलली अगदी सहज. पण तिने विचारले आणि लगेच पीठ मळायला वळली, त्यावरून मला कळले की प्रश्न सहज नव्हता. पुस्तकात कडी असलेला शनी तिने शाळेच्या शेवटच्या वर्षी पाहिला होता. चित्र काढणाऱ्याने शोभेसाठी कडी काढली असेल, असे तिला तेव्हा वाटले होते. पुढे विचारायला शाळाच राहिली नाही. भिंगरी म्हणाली, "दिसते, आत्या. मी दाखवते तुला." झाले. त्या क्षणापासून माझ्या जगण्याला काम मिळाले.

त्या दिवसांत शनी मध्यरात्रीनंतर उगवे आणि पहाटे चांगला वर येई. भिंगरीने मला गच्चीवर मांडले. पहिली भट्टी, म्हणजे पावांचा पहिला घाणा, चार चाळीसला लागे आणि पाच वाजून दोन मिनिटांनी निघे. मधे दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवायचे, एवढेच. तेवढ्यात आत्या धापा टाकत जिना चढून आली आणि नेत्रिकेला डोळा लावला.

"अगं, हे काय? तापल्या तव्यावर लोणी नाचतं तसं काहीतरी नाचतंय."

"तोच शनी."

"असेल. पण त्याची कडी कुठाय?"

"थांब ना, स्थिर होईल."

"शनी स्थिर होईपर्यंत माझे पाव कोळसा होतील, बाई." आणि ती उतरून गेली. जाता जाता जिन्यातून म्हणाली, "आपला नियम ठाऊक आहे ना तुला? अजून दोन भट्ट्या."

हा नियम त्या घरात सगळ्यांना पाठ होता. नवे पीठ, नवा कारागीर, नवे यंत्र, काहीही आले तरी त्याला तीन भट्ट्या मिळत. पहिली बिघडली तर दोष आगीचा. दुसरी बिघडली तर दोष हाताचा. तिसरीही बिघडली तर दोष पिठाचा, मग ते पीठ पुन्हा बेकरीत यायचे नाही. आत्या आपल्या शब्दाला पक्की होती. तिसऱ्यांदाही कडी दिसली नाही, तर ती पुन्हा कधीच माझ्या नेत्रिकेला डोळा लावणार नव्हती आणि मी माळ्यावर रिकाम्या डब्यांशेजारी जाणार होते. माझे जाऊ द्या. भिंगरीला वाटत होते की त्या बाईच्या आयुष्यातून शाळा एकदा गेली, आता शनीही जाईल.

चार महिन्यांनी शनी संध्याकाळी दिसला असता, हे भिंगरीला माहीत होते. पण संध्याकाळी सातनंतर आत्याला उठवणे म्हणजे... बाबांच्या शब्दांत सांगायचे तर, "झोपमोड झालेल्या ताईला शनी दाखवण्यापेक्षा शनीला ताई दाखवणं सोपं. तोच घाबरून कडी काढून देईल."

भिंगरी चष्मेवाल्या काकांकडे गेली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"दुपारी डांबरी रस्त्यावर लांबचं कुत्रं कसं दिसतं? पाण्यात पोहल्यासारखं. का?"

"गरम हवा वर जाते म्हणून."

"आणि तू दुर्बीण ठेवलीस कुठं?"

भिंगरीने कपाळावर हात मारला. "भट्टीच्या डोक्यावर! धुरांड्याशेजारी!"

"मग! हवा उकळतेय, त्यातून बघितलं तर शनी उकडूनच निघणार. दुर्बिणीलाही बाहेरच्या हवेत अर्धा तास तरी निवू द्यायचं. तिच्या पोटातली ऊबदेखील नाचते."

पहिल्या भट्टीत दोष खरोखरच आगीचा निघाला.

मग आम्ही जागा शोधली. आत्या भट्टी सोडून लांब येणार नाही, म्हणजे जागा दारातून दिसणारी हवी. समोरच्या फुटपाथवर सायकलवाल्याच्या बंद दुकानापुढे ऊब पोचत नव्हती. पण तिथून आभाळ दिसे ते फक्त पाण्याची टाकी आणि गोदामाचे छप्पर यांच्या मधल्या फटीतून. शनी टाकीमागून निघे आणि वीस मिनिटांत गोदामामागे जाई. पहिल्या पहाटे भिंगरीने घड्याळ घेऊन पाहिले, तर तो टाकीमागून निघाला पाच वाजून पाच मिनिटांनी. तेव्हा आत्या गरम पावांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेली.

दुसऱ्या पहाटे तो निघाला पाच वाजून एक मिनिटाने. तिसऱ्या पहाटे चार सत्तावन्नला. भिंगरीने सायकलवाल्याच्या दुकानाच्या फळीवर खडूने वेळा लिहिल्या आणि एकदम नाचायलाच लागली. शनी रोज चार मिनिटे लवकर येत होता! म्हणजे काही दिवस तो फटीत असताना नेमके पाव भट्टीत असणार होते. आणि मग, बारा दिवसांनंतर, तो पाव भट्टीत जायच्या आतच गोदामामागे गेलेला असणार होता. तिच्या हाती मोजून आठ-नऊ पहाटा होत्या. तिने पाचवी पहाट ठरवली.

आता ऐका, मित्रांनो, माझ्यावर सगळ्यात जास्त अन्याय कुणी केला ते. ज्या बाईला माझी सगळ्यात जास्त आस होती, तिने.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याने माझ्या तोंडात डोकावून पाहिले. तळाच्या आरशावर मैद्याची धूळ दिसत होती. बेकरीत राहायचे तर धूळ बसणारच, आणि खरे सांगते, थोड्या धुळीने माझे काहीही बिघडत नाही. पण आत्या ट्रेवर एक डाग ठेवत नसे. तिने माझ्या बुडाचे स्क्रू काढले, आरसा बाहेर घेतला आणि घरातली सगळ्यात मऊ वस्तू शोधली. ती होती पावांवर लोणी फिरवायचा कुंचला. तो तिने गरम पाण्यात धुवून घेतला होता, हे मी तिच्या बाजूने सांगायलाच हवे. पण लोणी असे पाण्याने जाते का? तिने माझ्यावरून तो कुंचला हळुवार फिरवला, गोल गोल, अगदी पावावर फिरवावा तसा. मग आरसा जागेवर बसवला, स्क्रू घट्ट आवळले, जमेल तसे, आणि कुणाला काही न सांगता झोपून गेली.

पाचव्या पहाटे आभाळ लख्ख होते. भिंगरीने मला चारलाच बाहेर आणले, निवू दिले. पाव भट्टीत गेले आणि आत्या पदर खोचून रस्ता ओलांडून आली. अंगावर नवी साडी होती. पहाटे पावणेपाचला, भट्टीसमोर, नवी साडी! बाबा काहीतरी बोलणार होते, पण तिच्याकडे बघून त्यांनी तिला वाट करून दिली.

शनी टाकीमागून निघाला. भिंगरीने आधी स्वतः पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. धुक्यातल्या दिव्याला शेपूट फुटावे, तसे काहीतरी दिसत होते. तिने नेत्रिका पुढे केली, मागे केली. शेपूट लांब झाले, आखूड झाले, गेले नाही.

आत्या धावत जाऊन ट्रे फिरवून आली आणि तिने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "पावसातल्या दिव्यासारखं दिसतंय. ठीक आहे गं. इतक्या लांबचं आहे, दिसलं हेच पुष्कळ." तिचा आवाज भट्टीवर ओरडणाऱ्या आत्याचा नव्हता. त्यापेक्षा ती रागावली असती तर परवडले असते.

शाळेला जाण्याआधी भिंगरी मला कवेत घेऊन चष्मेवाल्या काकांच्या दारात उभी. मागोमाग आत्याही आली, डोक्यावरचे फडके तसेच. काकांनी बॅटरीने माझ्या पोटात उजेड टाकला आणि नाक जवळ नेले.

"ताई," ते म्हणाले, "याला लोण्याचा वास येतोय."

आत्या छताकडे बघू लागली.

"आत्या!"

"पुसला मी. मऊ कुंचल्यानं पुसला. मला काय ठाऊक आरशाला पुसलेलं चालत नाही? पोरीनं इतकी मेहनत केली, आणि त्यावर धूळ!"

"तुम्ही आरसा पुसला नाहीत, ताई. आरशाला लोणी लावलंत. आता फक्त भाजायचा राहिलाय."

आधी भिंगरी हसली. मग काका. मग आत्या अशी हसली की डोळ्यांतून पाणी आले आणि ते तिने मैद्याच्या हाताने पुसले. भिंगरीच्या लक्षात आले, दुसऱ्या भट्टीत दोष हाताचा होता. पण हात आत्याचाच होता, आणि दोष जर कळला तर तो काढताही येतो.

त्या दुपारी माझे पहिले स्नान झाले. बाबांच्या कपाटात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी होते. परातीत तळाशी दुमडलेले फडके घालून त्यावर आरसा ठेवला. कोमट पाणी, साबणाचा एकच थेंब. काकांनी सांगितले होते, "घासायचं नाही. कापूस नुसता पाण्यातून ओढत न्यायचा, त्याच्या स्वतःच्या वजनानं. बोटाचा भार द्यायचा नाही." भिंगरीने तसेच केले. शेवटी बॅटरीचे शुद्ध पाणी वरून ओतले आणि आरसा तिरपा उभा करून सुकू दिला. फुंकरसुद्धा मारू दिली नाही कुणाला. आत्या पूर्ण वेळ हात मागे बांधून उभी होती, शिक्षा झालेल्या मुलासारखी.

आता राहिले आरसे एका रेषेत आणणे. स्क्रू काढून पुन्हा कसेतरी आवळल्यामुळे माझा मोठा आरसा वाकडा बसला होता, म्हणून शनीला शेपूट फुटले होते. नेत्रिकेच्या जागी बरोबर मधोमध बारीक भोक असलेले काहीतरी हवे होते, म्हणजे डोळा मधोमध राहतो.

"एवढंच ना?" म्हणत आत्या आत गेली आणि केकवर नक्षी काढायचे पितळी नोझल घेऊन आली. त्याला कागदाची पट्टी गुंडाळल्यावर ते नळीत चपखल बसले. भिंगरी बघायला वाकली, तर आत्या म्हणाली, "सरक. वर्तुळाच्या मधोमध वर्तुळ ठेवणं हे माझं काम. तीस वर्षं केकवर केक रचतेय मी." ती भोकातून बघू लागली. छोट्या आरशात मोठा आरसा, त्यात पुन्हा छोट्याची सावली. भिंगरी माझ्या मागे बसून स्क्रू फिरवत होती.

"डावीकडचा. राईएवढा. अगं राईएवढा म्हटलं, नारळाएवढा नाही! मागे ये. अजून. आता खालचा... थांब. हात काढ."

आत्याने भोकाला पुन्हा एकदा डोळा लावला. मग म्हणाली, "बसला. आता या केकवर नवरीसुद्धा उभी करावी."

माझे आरसे कारखान्यातही इतके अचूक जुळले नव्हते.

आणि मग ढग आले. सहावी, सातवी, आठवी, नववी पहाट नुसते राखाडी छत. भिंगरी रोज चारला उठून फळीवरच्या वेळा बघे. रोज चार मिनिटे गळत होती. दहाव्या पहाटे वारा सुटला आणि आभाळ धुतल्यासारखे झाले. शनी त्या दिवशी चार एकोणपन्नासला गोदामामागे जाणार होता. पाव भट्टीत जाणार चार चाळीसला. नऊ मिनिटे. दुसऱ्या दिवसाचा भरवसा नव्हता.

बरोबर चार चाळीसला भट्टीचे दार लागले आणि आत्या धावत आली. यावेळी नवी साडी नव्हती, पिठाने पांढरे झालेले हात होते. तिने डोळा लावला.

"काळोख."

"चष्मा काढ. मी तुझ्या डोळ्यासाठी जुळवते."

"काढला. काळोखच."

"इतकी चिकटू नकोस. थोडी मागे. डोकं हलवू नको."

आत्याने तोल सावरायला माझ्या नळीवर हात टेकला आणि मी गरकन फिरले. शनी गेला. भिंगरी पटकन शोधकावर वाकली. शोधकातून पुन्हा नेम धरला, टाकीच्या कडेपासून हळूहळू सरकत. चार पंचेचाळीस. सापडला. नेत्रिका बोटभर फिरवली, शनी सुईच्या टोकासारखा तीक्ष्ण झाला.

"आता हात मागे बांध, आत्या. बघ."

आत्या वाकली. श्वास रोखलेला मला जाणवला, कारण माझ्या कडेवर तिच्या श्वासाची ऊब येत होती ती थांबली. भिंगरी तिच्याकडे बघत होती, शनीकडे नाही.

"मधे जागा आहे," आत्या हळूच म्हणाली.

"काय?"

"कडी आणि गोळ्याच्या मधे. काळी जागा आहे. कडी कुठंच चिकटलेली नाही गं. सुटी आहे. चित्रात हे कुणी सांगितलंच नव्हतं." मग पुन्हा, "एवढीशी आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. आणि खरी आहे."

भिंगरी मला केसभर केसभर सरकवत राहिली, कारण पृथ्वी फिरते आणि शनी नजरेतून निसटतो. चार एकोणपन्नासला गोदामाचे छप्पर आड आले. शनी एकदम गेला नाही. दिव्याची वात उतरवावी तसा मंद होत गेला आणि विझला. आत्या तरीही वाकलेलीच होती.

दारातून बाबा ओरडले, "ताई, ट्रे! ट्रे फिरवायचेत!"

"फिरवते," आत्या डोळा न काढता म्हणाली. "पाव काय, उद्याही होतात."

बाबांच्या हातातले पाव काढायचे फावडे खाली पडले. असे वाक्य त्या बेकरीत कुणी कधी ऐकले नव्हते.

त्या दिवशी गल्लीने एका बाजूने करपलेले पाव खाल्ले. तक्रार करायला आलेल्या प्रत्येकाला आत्या काउंटरवरून सांगत होती, "करपणारच. मी शनी बघत होते. मधे जागा आहे, ठाऊक आहे का तुम्हांला?" पाव पोचवणारे सायकलवाले, शेजारचा शिंपी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना तिने अंगठा आणि बोट यांच्या मधे फट धरून दाखवली. अकराव्या पहाटे फटीत पाच मिनिटे उरली होती आणि फुटपाथवर नऊ माणसे रांगेत उभी होती. आत्या रांग लावत होती आणि प्रत्येकाला दटावत होती, "हात मागे! आणि आरशाला कुणी बोट लावलं तर भट्टीत घालेन!"

त्यानंतर मी खूप काम केले. चंद्राचे खड्डे दाखवले, गुरूचे चार चंद्र दाखवले. भिंगरी मोठी झाली, शिकायला परगावी गेली, तेव्हा काही वर्षे मी माळ्यावर होते. तोंडावर झाकण आणि अंगावर स्वच्छ पिशवी घालून आत्यानेच मला ठेवले होते, म्हणून माझा थर फार उशिरा उतरला. तो उतरला तेव्हा भिंगरीने आरसा कारखान्यात पाठवून नवा थर चढवून आणला. आज मी पुन्हा खाली आहे आणि माझी नजर चांगली आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला जपा. काम झाले की झाकण लावा. उबेतून बाहेर काढल्यावर निवू द्या. धुळीला घाबरू नका, पुसण्याला घाबरा. सूर्याकडे कधीही वळवू नका. पण जपायचे म्हणून कपाटातही ठेवू नका. भिंतीकडे बघत घालवलेली दोन वर्षे मला अजून आठवतात, आणि त्यांत आठवण्यासारखे काही नाही.

आणि एक मागणे आहे. जगात पुष्कळ माणसे अशी आहेत ज्यांना हातातले काम टाकून आभाळ बघायला येता येत नाही. कुणी पहाऱ्यावर असते, कुणी आजाऱ्याच्या उशाशी, कुणी चुलीपाशी. ती येतील अशी वाट बघू नका. मला उचला आणि त्यांच्या दाराशी नेऊन ठेवा. मी फार जड नाही.